आडवी रेघ

बेबीनंदानं घरात चुन्याच्या रेघा मारल्या,
खाटेपासून न्हाणीपर्यंत,
हात-हात अंतरावर, अठ्ठावीस.
शेजारचा दुर्योधन दारातून म्हणाला,
हे का जी गभने, पंगत बसवता का?

सपाट जमिनीवर माझा पाय उठत नाही.
रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल
पोटरीला धरून ठेवतो
आणि वरचा माणूस पुढे निघालेला असतो, तसं.
पण आडवी रेघ दिसली की उठतो.
का, ते नागपूरच्या डॉक्टरलाही
नीट सांगता आलं नाही.
म्हणाला, मेंदूला काहीतरी ओलांडायला लागतं.

बत्तीस वर्षं लाइनमन होतो, अड्याळ सेक्शनला.
खांबावर चढताना
पावलं कधी मोजली नाहीत.

आधी वास गेला.
त्या चैत्रात मोह झडत होता,
बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघालेल्या,
आणि मी म्हणालो, यंदा मोहाला वासच नाही.
सगळे हसले.
मोहाला होता.
फॉल्ट इतका मागं असतो
आणि दिवा इतक्या उशिरा जातो,
हे मला तरी कळायला हवं होतं.

मग अक्षर.
ओळीच्या सुरुवातीला जवसाएवढं,
शेवटाला खसखस.
बँकेतली मुलगी म्हणाली, काका, सही जुळत नाही,
अंगठा लावा.
माझ्या बापानं जन्मभर अंगठा लावला.
मला सही आली तेव्हा
तो कागद त्यानं गावभर फिरवला होता.
अंगठाही हलला.
उमटलं ते कुणाचंही असू शकलं असतं.
शाई मी सदऱ्याच्या आतल्या बाजूला पुसली.

गोळी सहाला, दहाला, दोनला, परत सहाला.
दुधासोबत नको, वरणासोबत नको.
लाखोरीच्या डाळीवर वाढलेल्या माणसाला
हे सांगायला त्या डॉक्टरला
काहीच वाटलं नाही.
गोळी उतरली की मी थांबतो,
असेन तिथं,
घास हातात, हात अर्ध्यावर.
नात विचारते, आबा, लाइन गेली?
तोंड उघडायला वेळ लागतो. गेली. येईल.
जन्मभर फोनवर लोकांना हेच सांगितलं,
निघालोच, अर्ध्या तासात येते,
आणि मला माहीत असायचं
आज काही येत नाही.

शाळा सुटली की ती माझ्या रेघांवर बिल्लस खेळते.
खापरी फेकते, लंगडी घालते,
आठव्या घरात माझा पाय असला की ओरडते,
आबा, आउट!
मी आउट होतो. तिथंच उभा राहतो.

तुमाले राग आला का जी,
बेबीनंदा दिवसातून चारदा विचारते.
नाही गं, हसतोय मी.
चेहऱ्यापर्यंत पोचत नाही एवढंच.
राग तिलाच येतो,
त्या दिवशी चुना जाड पडतो.

काल रात्री दोनला लाइन गेली, खरीच.
एकोणिसाव्या आणि विसाव्या रेघेच्या मध्ये
मी रुतलो.
ती उठली. टॉर्च सापडेना.
शिव्या दिल्या, मला की बोर्डाला,
ते मी विचारलं नाही.
मग माझ्या पुढ्यात तिनं
आपला पाय आडवा ठेवला.
अंगठ्याला जोडवं लागलं, गार.

माणसाला ओलांडू नये, वाढ खुंटते,
आई म्हणायची.
लहानपणी चुकून ओलांडलं
तर उलटं ओलांडून परत यायला लावायची.
मी थांबलोच.

ओलांडा जी, ती म्हणाली,
आता माहं वाढाचं का राह्यलं?

पाय उठला.
तिनं दुसरा ठेवला, पुढं.
न्हाणी अजून नऊ पावलं होती.